हलत्या जिवाचे वजन

समुद्रपूर तालुका कापसाचा. हंगामात जामच्या चौरस्त्यावर उभे राहिले, तर हिंगणघाटच्या बाजाराकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्यांची रांग दिसते. प्रत्येक गाडी काट्यावर दोनदा चढते, एकदा भरलेली आणि एकदा रिकामी. या दोन आकड्यांच्या फरकावर शेतकऱ्याचे वर्ष ठरते. वेचणी संपत आली की याच शेतांत मेंढ्यांचे कळप उतरतात. काही कळप इकडच्या धनगरांचे असतात आणि काही कित्येक पिढ्यांपूर्वी कच्छमधून निघून विदर्भात फिरत राहिलेल्या रबारी मेंढपाळांचे. त्यांचे बिऱ्हाड उंटांच्या पाठीवर असते. रात्री कळप शेतात बसवायचा, लेंडीखत शेतकऱ्याला द्यायचे आणि त्याचा मोबदला घ्यायचा, हा जुना व्यवहार. मेंढ्या विकल्या जातात त्याही इथेच, कापसाच्या काट्यापासून हाकेच्या अंतरावर. पण मेंढी मात्र काट्यावर चढत नाही. व्यापारी तिच्या कमरेवर हात दाबतो, मनाशी मटणाचा हिशेब करतो आणि आकडा सांगतो.

आम्ही या कळपांकडे गेलो ते वेगळ्याच कामासाठी. जंताचे औषध मेंढीच्या वजनाच्या प्रमाणात द्यावे लागते, किलोमागे इतके मिलिग्रॅम. कळपातल्या मेंढ्यांची वजने कुणालाच ठाऊक नव्हती. आम्हालाही नव्हती. तेव्हा एक फिरता काटा करून घ्यावा म्हणून आम्ही गावातल्या एका वेल्डिंगच्या दुकानात गेलो. दुकानदाराने आमची आकृती उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, "मेंढी का कापूस आहे का भाऊ, काट्यावर ठेवाले?"

प्रश्न थट्टेचा होता, पण वजनकाट्यांचा इतिहास चाळताना लक्षात आले की त्याने नेमके मर्मावर बोट ठेवले होते. काटा ही माणसाची फार जुनी वस्तू आहे. जिवंत जनावर पद्धतशीरपणे काट्यावर घेणे मात्र त्या मानाने अलीकडचे. मधल्या काळात अडचण वजन करण्याची नव्हती, ती धरण्याची होती.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वजनमापांवर देखरेख करणारा पौतवाध्यक्ष आहे आणि निरनिराळ्या लांबीच्या तुळांची मापे दिलेली आहेत. त्याच ग्रंथात जनावरांचा अधिकारी गोऽध्यक्षही आहे. शेळ्यामेंढ्यांची लोकर दर सहा महिन्यांनी घ्यावी असे तो सांगतो. जनावर ओळखण्यासाठी डाग, अंगावरची खूण, रंग आणि शिंगांतील अंतर यांची नोंद करायला सांगतो. नोंदीच्या या लक्षणांत वजन नाही. तुळा आणि गुरे एकाच ग्रंथात शेजारी आहेत, पण त्यांची गाठ पडलेली नाही.

ती गाठ पडल्याची आपल्याकडची प्रसिद्ध हकीकत तुळापूरची. भीमा-इंद्रायणीच्या संगमावर १६३३ साली आदिलशाहीतील मुरार जगदेव याने तुलादान केले. परंपरा असे सांगते की त्याला हत्तीचीही तुला करायची होती आणि हत्तीला पेलणारे पारडे कुठे मिळेना. तेव्हा शहाजी राजांनी हत्तीला नावेत उभे करविले, नाव पाण्यात जिथवर बुडाली तिथे खूण केली, हत्ती उतरवून त्या खुणेपर्यंत नाव बुडेल इतके दगड भरले आणि मग ते दगड सावकाश तोलले. अशीच गोष्ट चीनमध्ये सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच्या त्साओ छुंग नावाच्या मुलाबद्दल सांगतात. वर्गात आपण ती आर्किमिडीजच्या तत्त्वाचे उदाहरण म्हणून सांगतो, आणि ते योग्यच आहे. पण तिच्यात दुसरीही एक युक्ती दडलेली आहे. नाव हत्तीला नुसती तोलत नाही, ती त्याला सामावूनही घेते. हत्तीने सोंड हलवली, पाय बदलला, तरी जड नाव आणि भोवतालचे पाणी ती हालचाल गिळून टाकतात. मोजण्याचे काम पुढे दगडांवर होते, आणि दगड हलत नाहीत.

योगायोग असा की त्याच काळात इटलीत सांतोरिओ हा वैद्य स्वतःलाच तोलत बसला होता. एका मोठ्या दांडीच्या काट्याला खुर्ची टांगून तो तिच्यावर बसे, जेवण्यापूर्वी आणि जेवणानंतर वजन घेई, मलमूत्राचेही वजन करी. पोटात गेलेले आणि बाहेर पडलेले यांचा मेळ बसत नाही, काही वजन न दिसता शरीरातून निघून जाते, हा निष्कर्ष त्याने १६१४ साली ग्रंथरूपाने मांडला. शरीरक्रियाशास्त्रात मोजमाप आणणाऱ्या पहिल्या मंडळींत त्याची गणना होते. मात्र त्याचा प्राणी समजूतदार होता. बस म्हटले की बसत होता.

काट्यांची पुढची प्रगती गाड्यांनी आणि मालाने घडवली. रॉबर्ट हूकने स्प्रिंगचा ताण आणि तिची वाढ यांचा नियम १६७८ मध्ये उघड केला. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, १७७०च्या सुमारास, इंग्लंडमधील बिल्स्टन गावी सॉल्टर कुटुंब स्प्रिंगचे काटे बनवू लागले. रस्त्यांची नासधूस करणाऱ्या जड गाड्यांवर कर बसवता यावा म्हणून जॉन वायटने १७४०च्या दशकात तरफांच्या जोडणीचा भुईकाटा केला. अमेरिकेत थॅडियस फेअरबँक्सने १८३१ मध्ये फलाटी काट्याचे एकस्व घेतले, ते अंबाडीसारख्या हेम्पच्या गाड्या तोलायच्या होत्या म्हणून. कापसाच्या बाजारातला काटा याच घराण्यातला. आता त्याच्या पोटात तरफांऐवजी लोडसेल असतो, म्हणजे दाबाने किंचित वाकणारा धातूचा ठोकळा आणि त्यावर चिकटवलेली तार. तिचा विद्युतरोध ताणाबरोबर बदलतो. ही ताणमापी तार १९३८ मध्ये अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे शोधली.

मग मेंढी? अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये रॉबर्ट बेकवेलने लेस्टर मेंढीचा कायापालट केला, तो मुख्यतः डोळा आणि हात यांच्या भरवशावर. मेंढ्यांना पद्धतशीर काट्यावर घेऊन वेगवेगळ्या जातींची वाढ ताडून पाहण्याचे मोठे प्रयोग रोदमस्टेड येथे लॉज आणि गिल्बर्ट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास केले. लॉज हा जिवंत वजनावर विक्री व्हावी असे मानणारा माणूस होता. ब्रिटनमध्ये १८८७ साली कायदा झाला की जनावरांच्या बाजारात वजन करण्याची सोय असलीच पाहिजे, आणि त्यात मेंढ्याही आल्या. काटे बसले, पण त्यांच्यावर जनावरे फार थोडी चढली. याचे एक कारण सवय आणि दुसरे, आमच्या मते अधिक महत्त्वाचे, कारण असे की ज्याचा अंदाज पक्का आहे त्याला काटा नकोच असतो. व्यापारी रोज शेकडो जनावरे पाहतो आणि कापल्यावर त्यांचे मटण किती पडले हेही पाहतो, त्यामुळे त्याचा अंदाज रोज तपासला जातो. मेंढपाळाला मेंढी विकल्यानंतर पुन्हा दिसत नाही. आपल्या गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवतात, तेव्हा भाव इतरांपासून लपतो एवढेच आपण बोलतो. वजन कुणाला ठाऊक आहे आणि कुणाला नाही, याबद्दल कुणी बोलत नाही.

धरण्याच्या शास्त्राचा इतिहास वेगळा आणि अधिक दुर्लक्षित. एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलियात हजारोंच्या कळपांची निवड करण्यासाठी अरुंद गल्ली आणि तिच्या तोंडाशी दोन्हीकडे झुलणारे फाटक ही योजना आली. तिचे श्रेय विल्यम लॉकहार्ट मॉर्टनला दिले जाते. एक माणूस फाटक डावी-उजवीकडे फिरवतो आणि धावत्या मेंढ्या दोन वाड्यांत विभागल्या जातात. आपल्याकडे याहून साधी आणि खरोखरच फिरती अशी वस्तू आधीपासून आहे, ती म्हणजे धनगराची वाघर. चार खुंट्या रोवून जाळे लावले की पाच मिनिटांत वाडा तयार होतो, आणि सकाळी तो गुंडाळून घोड्यावर जातो. यंत्राच्या इतिहासात वाघरीला कुणी जागा दिलेली नाही. द्यायला हवी.

महाराष्ट्रात मेंढपाळांच्या पातळीवर मोजमाप नेण्याचे मोठे काम फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने केले. बी. व्ही. निंबकरांनी १९६८ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेत १९९० पासून पशुसंवर्धनाचा विभाग आहे. दख्खनी मेंढी बहुधा एका वेळी एकच कोकरू देते, तर सुंदरबनातली चिमुकली गरोळ मेंढी अनेकदा जुळी-तिळी देते. या गुणामागचे जनुक दख्खनीत आणण्याचा कार्यक्रम डॉ. चंदा निंबकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांबरोबर चालवला. या जनुकातला नेमका बदल २००१ मध्ये जगातल्या तीन गटांनी ओळखला, आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या साहाय्याने त्याची चाचणी इथे करता येऊ लागली. पण चाचणी कितीही आधुनिक असली, तरी जुळ्या कोकरांचा मेंढपाळाला फायदा होतो की नाही, हे अखेर कोकराच्या वजनावरच ठरते. जुळ्यातले प्रत्येक कोकरू एकट्यापेक्षा हलके असते. दोघांचे मिळून किती, हा खरा प्रश्न, आणि त्याचे उत्तर कुठल्याही जनुकीय चाचणीत नसते. गरोळच्या संकरांची वाढ आणि जंतांना तोंड देण्याची त्यांची शक्ती यांवरचा या मंडळींचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला.

जंतांचा उल्लेख आलाच आहे तर आमच्या मूळ कामाकडे वळू. मेंढीच्या जठरात राहून रक्त पिणाऱ्या जंतावर थायाबेंडाझोल हे प्रभावी औषध १९६१ मध्ये आले आणि अवघ्या तीन वर्षांत त्याला न जुमानणारे जंत आढळले. याला अनेक कारणे आहेत. त्यांतले एक म्हणजे कमी पडणारी मात्रा. तीस किलोची मेंढी वीसची समजून औषध पाजले तर तिला दोन-तृतीयांशच मात्रा मिळते. दुबळे जंत मरतात, चिवट उरतात आणि पुढची पिढी चिवटांची निपजते. नैसर्गिक निवडीचा पाठ शिकवायला याहून जवळचे उदाहरण मिळणार नाही. म्हणूनच कळपाला मात्रा ठरवताना सरासरी वजन घेत नाहीत, त्या गटातल्या सर्वांत जड मेंढीचे घेतात. आणि सर्वांत जड कोणती हे लोकरीने झाकलेल्या कळपात डोळ्याला समजत नाही.

काट्याशिवाय भागते का? काही अंशी भागते. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजावी. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले १०,८३८ केले की किलोमध्ये अंदाज येतो. घेर ७० आणि लांबी ६० असेल तर सुमारे २७ किलो. हे सूत्र मूळचे गुरांचे आहे. इंच आणि पौंडांत भाजक सुटसुटीत ३०० येतो, म्हणून आपला भाजक असा विचित्र. वर्गात हे सूत्र वृत्तचितीशी ताडून पाहता येईल. त्याच घेराच्या आणि लांबीच्या नळकांड्याचे घनफळ सुमारे २३,४०० घन सेंटिमीटर भरते, म्हणजे पाण्याच्या घनतेने २३.४ किलो. उरलेले डोके, मान आणि पाय. मेंढीच्या बाबतीत गोची लोकरीची. कातरणीच्या आधी आणि नंतर घेर बदलतो, मेंढी तीच राहते.

म्हणून काटा करायचे ठरले. तो कसा असावा याचा विचार करताना वर्ध्याच्या मातीतली एक गोष्ट आठवणे स्वाभाविक होते. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्याच्या अटींत उत्पादन, वजन आणि किंमत यांच्याबरोबर एक अट अशी होती की यंत्राच्या दुरुस्तीवर फार खर्च होता कामा नये. सर्व अटी पुऱ्या करणारा चरखा कुणालाच देता आला नाही. या प्रकाराला आम्ही पूर्वी अपयश समजत होतो. काटा करायला घेतल्यावर त्या शेवटच्या अटीचे वजन कळले.

पहिला प्रयत्न अंगणवाडीची नक्कल होता. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना सुरू झाल्यापासून पंचवीस किलोचा टांगता स्प्रिंगकाटा आणि त्याला अडकवलेली कापडी झोळी गावोगाव माहीत झाली. आम्ही तीन बांबूंची तिवई केली, मोठा डायलकाटा टांगला आणि गोणपाटाला पायांसाठी चार भोके पाडून मेंढी त्यात बसवली. कोकरांसाठी हे उत्तम चालले. मोठ्या मेंढीने पहिल्याच झटक्यात तिवई आडवी केली. तिवई आमच्यातल्या एकाच्या खांद्यावर पडली आणि मेंढी झोळीसकट पळाली. ती परत आणायला अर्धा तास गेला. कळपाचा म्हातारा मालक त्या वेळी हसला नाही, याबद्दल आम्ही त्याचे ऋणी आहोत.

दुसरा काटा दांडीचा केला. स्प्रिंग नाही, सेल नाही, एक लोखंडी नळी आणि टेकू. टेकूपासून १० सेंटिमीटरवर मेंढीचा पिंजरा टांगायचा आणि दुसऱ्या बाजूला ४ किलोचे वजन सरकवायचे. मेंढी २८ किलोची असेल तर २८ गुणिले १० बरोबर ४ गुणिले ७०, म्हणजे वजन ७० सेंटिमीटरवर थांबते. दर किलोला अडीच सेंटिमीटर, शंभरावर चाळीस किलो. पिंजऱ्याच्या वजनाचा धडा दांडीच्या टोकाला दगड बांधून केला. खुणा करण्यासाठी प्रमाणित वजने आणावी लागली नाहीत. प्लास्टिकच्या कॅनमध्ये लिटरच्या मापाने पाणी भरत गेलो आणि लिटरागणिक एक खूण तारकाशीने कोरत गेलो. रिकाम्या कॅनचे वजन धड्यात धरायला पहिल्यांदा विसरलो, त्यामुळे खुणांचा एक संच आजही दांडीवर खोडलेला दिसतो.

काटा अडखळत होता. अर्धा किलो टाकले तरी दांडी हलायची नाही. दोष टेकूतल्या बोल्टचा निघाला. बारा मिलिमीटर जाडीच्या गोल बोल्टवर पन्नासेक किलोचा भार पडला की घर्षणाचे आघूर्ण सुमारे ६ किलो-सेंटिमीटर होते. त्याला आखूड भुजेच्या १० सेंटिमीटरनी भागले की ०.६ किलो, म्हणजे तेवढा फरक काट्याला कळणारच नाही. वेल्डिंगवाल्या भाऊंनी जुन्या कानशीचा तुकडा घासून धारेचा टेकू केला आणि दांडी शहाण्यासारखी वागू लागली. सराफाच्या तराजूत टेकू धारेचा का असतो, हे पाठ्यपुस्तकाने आम्हाला कधी सांगितले नव्हते.

खरी झुंज पिंजऱ्याशी झाली. समोरची बाजू आम्ही पत्र्याने बंद केली होती, मेंढी पुढे निसटू नये म्हणून. एकही मेंढी आत जाईना. ती पत्र्यासमोर चार पाय रोवून उभी राही आणि मागच्या सगळ्या थबकत. पत्रा काढून उभे गज लावले आणि पलीकडे दोन मेंढ्या बांधून ठेवल्या. मग पहिली आपण होऊन आत शिरली आणि तिच्यामागे बाकीच्या. मेंढीला पुढे उजेड आणि आपली माणसे दिसली पाहिजेत, सावलीची रेघ किंवा लोंबता दोर दिसता कामा नये. जनावरांच्या वागणुकीच्या अभ्यासकांनी हे पुस्तकांत लिहून ठेवले आहे. मेंढपाळाने ते न लिहिता आम्हाला दाखवले. पिंजऱ्याकडे नेणारी निमुळती गल्ली लाकडी फळ्यांची करण्याचा आमचा बेतही त्याने मोडीत काढला आणि जाळीच लावली. वजनासाठी पहाटेची वेळ त्यानेच सुचवली. कारण मेंढीच्या पोटातला चारा-पाणी तिच्या वजनाचा लक्षणीय भाग असतो, आणि चरून आलेल्या मेंढीचे वजन म्हणजे बरेचसे त्या दिवसाच्या रानाचे वजन.

दोन गोष्टी इथे स्पष्ट करायला हव्यात. असा घरगुती काटा खरेदी-विक्रीसाठी वापरता येत नाही. वैध मापनशास्त्र कायदा, २००९ नुसार त्यासाठी पडताळणी आणि मुद्रांकन झालेलाच काटा लागतो. औषधाची मात्रा ठरवायला आणि वाढीची नोंद ठेवायला मात्र तो पुरतो. आणि व्यापारी येण्याच्या आदल्या पहाटे आपल्या मेंढीचे वजन मालकाला कळले, तर कुठलाही कायदा आड येत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे काट्याने हात बाद होत नाही. उंच, हाडाडी मेंढी आणि ठेंगणी, भरलेली मेंढी दोन्ही तीस किलोच्या असू शकतात. कमरेच्या मणक्यांवर हात दाबून चरबी-मांस ओळखण्याच्या रीतीला १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात जेफरीज याने गुणांकनाचे रूप दिले. १९६९ मध्ये स्कॉटलंडच्या संशोधकांनी ती आणखी नेटकी केली. आज ती सर्व जगात शिकवली जाते. म्हणजे शास्त्रज्ञांनी व्यापाऱ्याचा हात वहीत उतरवून घेतला. आम्हीही आता वजनाशेजारी कमरेचा गुण लिहितो, आणि तो म्हातारा मालकच सांगतो. आमच्यातल्या तिघांचे तीन वेगवेगळे गुण येत, त्याचा नेहमी एकच.

कळप गिरडच्या बाजूला निघाला त्या दिवशी काटा उंटावर चढवायचा होता. मालकाने पिंजरा दोन्ही हातांनी उचलून पाहिला, आम्हाला वजन विचारले आणि आम्ही चौदा किलो म्हटल्यावर मान हलवली. मग त्याने खालच्या दोन पट्ट्या आणि मधला एक गज काढून टाकायला सांगितले. वेल्डिंगवाले भाऊ कटर घेऊन आले. दांडीवरच्या धड्याचा दगड त्यामुळे बदलावा लागला. नवा दगड त्याने नाल्यातून स्वतः निवडून आणला आणि दोनदा फोडून नेमका बसवला.